मोहाखालची मिनिटभर शांतता

सन २०२४. मार्चचा शेवटचा आठवडा होता, फाल्गुन सरत आला होता आणि मोहफुले पहाटेपासून टपटपत होती. तिरोड्याच्या एका महाविद्यालयाचे ‘पळसपान’ हे विद्यार्थी-वृत्तपत्र त्या वर्षी कागद सोडून मोबाईलच्या पडद्यावर आले होते. त्याची संपादिका दुर्गेश्वरी पटले मोह वेचणाऱ्या बायांची ध्वनिकथा करण्यासाठी सालेकशाच्या जंगलात आली होती. निवेदन तिचेच असणार होते. पुढे रेडिओवर निवेदिका व्हावे, एवढी एकच आस तिने मनाशी धरली होती.

मोह वेचणाऱ्या शामकलाबाईंचे बोलणे संपले. माणसे बोलून झाली, की त्या जागेची निव्वळ शांतता मिनिटभर ध्वनिमुद्रित करावयाची आणि पुढे शब्दांच्या खाली अंथरावयाची, असा या कामाचा शिरस्ता आहे. सहकारी अतुलने ओठांवर बोट ठेवले. दुर्गेश्वरीने हेडफोन कानांवर चढवून डोळे मिटले.

मोहाचा गोड, आंबूस वास. एक फूल पडले. दुसरे पडले. मग, अगदी कानाशी, कोणीतरी तिचे नाव घेतले.

“ओ!” ती म्हणाली.

“झालं! मिनिट वाया,” अतुल वैतागला. “मॅडमला स्वतःचा आवाज ऐकल्याशिवाय करमतच नाही!”

शामकलाबाई मात्र हसल्या नाहीत. “ओ कोनाले देल्ली, बाई?”

“तुम्हीच हाक मारली ना?”

“मोहात आम्ही कोनाचं नाव घेतच नाही. बलावाचं असलं तं टोपल्यावर काडी वाजवतो…” त्यांनी आपल्या नातीला, टिंकूला, जवळ ओढले. “जा तुम्ही. आत्ताच जा.”

महाविद्यालयात परतून दोघांनी ध्वनिफीत ऐकली. फुले पडत होती, अतुलचा वैताग होता, शामकलाबाईंचा प्रश्न होता. दुर्गेश्वरीचा मात्र एकही शब्द नव्हता. निवेदन मुद्रित करू गेले, तर तेही कोरेच. समोरच्या माणसाला तिचे बोलणे स्वच्छ ऐकू येई. यंत्र तेवढे ते घेईना. तीन माईक बदलून झाले. चौथ्या वेळी अतुलनेही थट्टा सोडली.

अखेर सोमवार, १५ एप्रिल रोजी या प्रकरणाचा निकाल लागला. कथा प्रसिद्ध झाली, ती अल्का नावाच्या खालच्या वर्गातील मुलीच्या आवाजात. प्रकाशनाचे बटण दुर्गेश्वरीने स्वतःच दाबले आणि डोळे पुसले. तोच शामकलाबाईंचा फोन आला.

“बाई, सकाळी तुम्ही मोहात आल्या होत्या का? तुमच्याच आवाजात कोनी टिंकूले बलावून राहिलं होतं…”

“मी नव्हते, मावशी! तिला ओ देऊ देऊ नका!”

“हॅलो?… काऊन बोलून नाही राहिल्या, बाई?”

दुर्गेश्वरी ओरडली. खोलीतले सारे दचकून वळले. घसा फुटेपर्यंत तिने तेच वाक्य पुन्हा पुन्हा उच्चारले, आणि शेवटी हताश होऊन ओठ घट्ट मिटून घेतले.

“हां!” पलीकडे शामकलाबाईंचा जीव भांड्यात पडला. “आता आलं ऐकू… टिंकू ना? हे काय, इथंच हाय. थांबा बाई, देते तिले फोन…”