अंगठ्याखालचा ओरखडा

शाळेच्या कॉम्प्युटरचे सुटे भाग घ्यायला मी माळीवाड्यातल्या एका दुकानात गेले होते, आणि काउंटरमागच्या तरुणाशी पहिल्याच मिनिटाला माझा खटका उडाला.

"मॅडम, जोडून देऊ का? तासाभराचं काम हाय," तो म्हणाला.

"मी कॉम्प्युटरच शिकवते. जोडता येतं मला."

"येत न्हाई असं कुठं म्हनलं मी?" आणि तो हसला... ओठांनी कमी, डोळ्यांनी जास्त.

अमृत त्याचं नाव. घोडेगावचा. खोकं बांधता बांधता त्यानं पॉवर सप्लायच्या दोन वायरी माझ्यासमोर धरल्या. "ह्या दोनी आठ पिनांच्या. दिसायला जुळ्या बहिनी. पन एक प्रोसेसरची, दुसरी ग्राफिक कार्डाची. घाईत—"

"ठाऊक आहे."

ठाऊक नव्हतं. भिंगारच्या आमच्या शाळेत मी चार वर्षं कॉम्प्युटर शिकवत होते, पण पुस्तकातून. माजी विद्यार्थ्यांनी नवा कॉम्प्युटर द्यायचं ठरवलं, तेव्हा मुख्याध्यापिका मरियाबाईंना मीच सांगितलं होतं, "बाहेरचा माणूस कशाला? मी जोडते." सगळ्या स्टाफसमोर. त्या किती कौतुकानं बघत होत्या माझ्याकडे.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी लॅबचं दार लावून घेतलं आणि मोबाईलवरचा व्हिडिओ बघत कामाला लागले. चोवीस पिनांची मोठी वायर मदरबोर्डात अलगद बसली. मग कोपऱ्यातलं आठ पिनांचं सॉकेट. हाताला लागली ती वायर मी तिथं धरली... बसेना. काही भोकं चौकोनी, काहींचे कोपरे कापलेले, आणि वायरीच्या टोकाचा आकार त्यांच्याशी जुळत नव्हता. नवं आहे, घट्ट असणार, असं म्हणत मी अंगठ्यानं जोर लावला. बोर्ड वाकला. कट्‌ असा आवाज झाला.

बटण दाबलं, आणि सॉकेटपाशी बारीकसा जाळ दिसला. मग धूर, मग जळक्या प्लास्टिकचा वास. वायर उपसून काढली तेव्हा तिच्यावरची इवली अक्षरं दिसली. ती ग्राफिक कार्डाची होती.

मी खिडक्या उघडल्या. वास जाईपर्यंत पंखा लावून बसले. रविवारी चर्चमध्ये गुडघे टेकले, पण प्रार्थनेसाठी ओठ हलेनात.

सोमवारी सगळं सामान घेऊन मी पुन्हा दुकानात गेले. मालक सूर्यभानशेठ गल्ल्यावर बसले होते.

"बोर्ड खराब निघाला," मी म्हटलं. किती सहज म्हटलं... मलाच आश्चर्य वाटलं.

अमृतनं बोर्ड उजेडात धरला. त्याची नजर कोपऱ्यात जाऊन थांबली. सॉकेटच्या कडेवर मी दाबल्याचा ओरखडा होता आणि एक भोक काळं पडलं होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहू लागले.

"काय झालंय रे? बघू," शेठनी हात पुढं केला.

अमृतनं बोर्ड त्यांच्यापुढं धरला, पण त्या कोपऱ्यावर त्याचा अंगठा तसाच होता. "माझी चूक हाय शेठ. देताना तपासायला पायजे हुता. न्हाई तपासला."

शेठ ओरडले नाहीत. "उद्यापासून जोडणीच्या टेबलावर बसू नको," एवढंच म्हणाले. "खोकी पोचवायचं काम कर."

अमृतनं हातातला स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवला. बाकीचे भाग तपासले, ते धड होते. नवा बोर्ड बांधून दिला आणि मान वर न करता म्हणाला, "सावकाश न्या."

मी तोंड उघडलं नाही. उघडायला हवं होतं, तिथंच, त्याच क्षणी.

शाळेत येऊन खोकं उघडलं, तर दोन्ही वायरींना पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या. तिरप्या अक्षरांत लिहिलं होतं — 'ही प्रोसेसरला', 'ही कार्डाला'. मी खोकं बंद केलं. मरियाबाईंनी विचारलं तर म्हटलं, "एक भाग यायचाय अजून." खोट्यावर आणखी एक खोटं.

बुधवारी भिंगारच्या बाजारात तो समोरून आला. खांद्यावर प्रिंटरचं खोकं, सदरा घामानं पाठीला चिकटलेला.

"झाला का चालू?"

"नाही... हात लावायचं धाडस होत नाही."

"वायर बराबर घेतली की अलगद बसंल, मॅडम. जोर लावाया लागत न्हाई." इतक्या हळू म्हणाला, जणू आजूबाजूच्या भाजीवाल्यांनाही कळू नये. माझे कान तापले. काही बोलायच्या आत तो गर्दीत मिसळलासुद्धा.

गुरुवारी मी दुकानात गेले. दोन गिऱ्हाइकं होती. ती जाईपर्यंत थांबावंसं वाटलं... थांबले नाही.

"शेठ, बोर्ड चांगला होता. मी चुकीची वायर दाबून बसवली. अमृतला ते दिसलं होतं, त्यांनी माझ्यासाठी आळ स्वतःवर घेतला. बोर्डाचे पैसे मी भरते."

शेठनी चष्मा काढला. पण ते माझ्याकडे नाही, अमृतकडे बघत होते. "म्हणजे तू माझ्याशी खोटं बोललास?"

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. त्याला सोडवायला गेले आणि मीच त्याला उघडं पाडलं.

"व्हय शेठ," अमृत म्हणाला. त्याची मान खाली गेली होती.

"तो बोर्ड मी कंपनीकडं परत पाठवणार होतो. तिथं माझी शोभा झाली असती." शेठनी चष्मा गल्ल्यावर ठेवला. "जा दोघंही. चहा पिऊन या. माझं डोकं शांत होऊ द्या."

समोरच्या टपरीवर आम्ही बाकाच्या दोन टोकांना बसलो.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "दोनदा."

"माझं बी एकदा."

"का केलंत तसं?"

तो ग्लास गोल फिरवत राहिला. "तुमी त्या कॅलेंडरकडं बघत हुतात ना... ते गेल्या वर्षीचं हाय. त्यात बघन्यासारखं कायच न्हाई. मला तुमचं तसं बघनं बघवंना."

"सगळ्या गिऱ्हाइकांसाठी असंच करता?"

"न्हाई." मग जरा वेळानं, चहाकडेच बघत — "आधी आलात तवा लई ताठ बोललात. तुमी गेल्यावर वाटलं, परत याव्यात. आलात त्या अशा..."

पाच दिवसांनी मी पहिल्यांदा हसले. डोळ्यांत पाणी असताना.

शेठनी त्याला टेबल परत दिलं, पण अट घातली. अमृतनं शाळेत जाऊन माझ्यासमोर बसायचं, आणि कॉम्प्युटर मात्र मीच जोडायचा.

शुक्रवारी जोडण्याआधी मी मरियाबाईंना सगळं सांगितलं. त्या रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्या नुसत्या म्हणाल्या, "हे शनिवारीच सांगायचं, एस्तेर." आणि वर्गावर गेल्या.

लॅबमध्ये अमृत हात पाठीमागं बांधून स्टुलावर बसला. मी वायर उचलली, अक्षरं वाचली, मग एकेका भोकाचा आकार पाहिला. चौकोनाला चौकोन, कापलेल्या कोपऱ्याला कापलेला कोपरा. बोट टेकताच ती आत सरकली. बटण दाबलं. पंखा फिरला... स्क्रीन उजळली.

"झालं," तो उठला. "येतो मी. घोडेगावची साडेपाचची गाडी हाय."

"थांबा. अजून एक सांगायचं राहिलंय."

"आनखी काय जळलंय का?"

"नाही." या वेळी नजर मी हलवली नाही. "तुम्ही मला आवडता."

तो दारातच उभा राहिला. कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. बाहेर शिपायानं शेवटची घंटा दिली, व्हरांडाभर मुलांचे पाय वाजले आणि विरून गेले.

"मग..." तो स्टूल पुन्हा पुढं ओढत म्हणाला, "सातची बी एक गाडी हाय."