एकतिसाव्या कप्प्यातलं भेकर

हाडांच्या खोलीत आठवड्याचं माझं पहिलं काम म्हणजे कप्प्यांतल्या डांबरगोळ्या बदलणं. सोमवारी तेच करत होते, तेवढ्यात संग्रहालयाचे संचालक दारात आले. "ताई, एकतिसावा कप्पा रिकामा करा. गुरुवारी समिती त्या जातीचं नाव यादीतून काढतेय."

एकतिसाव्यात बाबांचं भेकर, म्हणजे भुंकणारं छोटं हरीण, होतं. एक कवटी, तिच्यावर घट्ट बसलेली दोन आखूड शिंगं, बस्स. चाळीस वर्षांपूर्वी बाबांनी याच खोलीत बसून ती वेगळी जात म्हणून नोंदवली. सुळे लांब, शिंगांचे खुंट भलत्याच कोनात, डोळ्यापुढचा ग्रंथीचा खळगा बोटभर खोल. एवढ्यावर कुणी नवी जात ठरवतं का, म्हणून तेव्हापासून सगळे हसत आलेत. उचलली जीभ, लावली टाळ्याला! त्यांच्यातल्या एकानेही ती कवटी हातात घेतलेली नाही. बाबा आता चौऱ्याऐंशीचे. नाव पुसलं गेलं तर हाय खातील.

त्या कप्प्याची किल्ली बाबांनी यंदाच, गुडघ्यांनी दगा दिल्यावर, माझ्या हवाली केली होती. तोवर निवृत्तीनंतरही दर महिन्याला ते स्वतः येत, कप्पा उघडून तासभर बसत. किल्ली मिळताच मी कवटीच्या आतून नखाएवढा कपचा काढून तळमजल्यावरच्या लॅबला पाठवला. जनुकं जुन्या हाडातही सापडतात. माणसं न्याय करत नाहीत, निदान जनुकं तरी करतील.

दुपारी अहवाल आला. जनुकांचा रकाना कोरा. खाली एकच ओळ होती: गुणसूत्रं अकरा.

माझं डोकंच फिरलं. गुणसूत्रं मोजायला जिवंत पेशी लागते, ती विभागली जात असताना पकडावी लागते. सुक्या हाडात कसली पेशी नि कसलं काय! कागद नाचवत मी लॅबमध्ये शिरले.

"माझ्या बापाची थट्टा करायला हाच आठवडा सापडला?"

लॅबवाल्या बाईंनी हातमोजे काढून ठेवले.

"अहो, बोला की! भेकरांच्या एका जातीत सहा-सात असतात, दुसरीत शेहेचाळीस. अकरा कुठून आणलीत?"

"तीनदा मोजली," त्या हळूच म्हणाल्या. "कपचा द्रावात भिजत ठेवला होता. चार दिवसांनी बघते तर पेशी वाढतायत. अजून वाढतायत." त्यांनी झाकलेली काचेची बशी माझ्याकडे सरकवली. "घेऊन जा, ताई. मला नको ते इथे."

बशी कोमट होती.

म्हणजे बाबा खरे होते! आणि हा पुरावा समितीपुढे ठेवला, तर वेड्यात मलाच काढणार. असा संताप झाला की जिना कसा चढले, आठवत नाही.

कुलूप काढून कप्पा ओढला. शिंगं कवटीशेजारी पडली होती.

"कुणी हात लावला इथे?" मी ओरडले. खोलीत कुणी नव्हतं. किल्ली माझ्याच खिशात होती.

भिंगाखाली शिंगांची बुडं पाहिली. मोडलेलं हाड फाटतं, त्याला टोकं निघतात. ही बुडं गोल आणि दाणेदार होती. जिवंत हरीण वर्षाला एकदा शिंगं टाकतं, तशी.

बाबांना फोन लावला. "बाबा, तुमच्या कवटीची शिंगं..."

"गळली?" आवाज अगदी शांत. "यंदा उशीर झाला."

"तुम्हाला माहीत होतं?"

"चाळीस जोड्या आहेत माझ्या कपाटात."

"आणि चाळीस वर्षं लोकांचं हसू झेलत बसलात? एक शब्द बोलला नाहीत! निदान माझ्याशी तरी!" मला रडू फुटत होतं.

"जात वेगळी आहे, एवढं सांगितलं ना मी. पुढचं सांगितलं असतं, तर त्यांनी त्याचे तुकडे केले असते गं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बाळा," बाबांनी विचारलं, "तू काही कापलंस का त्याचं?"

मी खाली पाहिलं.

डोळ्यापुढचा तो खोल खळगा भरून आला होता. खालच्या कापसावर एक एक थेंब पडत होता.