खांद्यावर सव्वाचार किलो

माझ्या तोंडची गोष्ट निम्मी करून ऐकावी, असं माझी बायको पाहुण्यांना दारातच सांगून ठेवते. माझी काही तक्रार नाही.

पण ही निम्मी करू नका. ही माझी नाहीच. माझ्या आतोबांची आहे.

आतोबांचा जन्म वजनकाटे दुरुस्त करण्यात गेला. कुणी "किलोभर असेल" म्हटलं तरी यांच्या कपाळाला आठी पडते. वस्तू हातावर नुसती तोलतात आणि दहा-वीस ग्रॅमच्या फरकानं वजन सांगतात. अशा माणसाला थाप मारता येत नाही. मी शिकवून पाहिलं, जमलं नाही.

गेल्या थंडीतला बुधवार होता. रात्र नव्हती. दुपारचे चार वाजले होते आणि ऊन लख्ख होतं.

एका आडगावी दूध डेअरीचा मोठा काटा अडकला होता. आतोबा त्या गावात पहिल्यांदाच गेले होते. काटा ठीक झाला, डेअरीवाल्यानं चहा पाजला.

"आता परत कसं जायचं?" आतोबांनी विचारलं.

"इथून फाट्यापर्यंत जीप. फाट्यावरून साडेपाचची बस. ती चुकली की रात्र फाट्यावर."

"जीप किती वाजता?"

"वाजता-बिजता नाही. भरली की सुटते."

घरी वाट बघणारं कुणी नव्हतं. आत्या जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि मूलबाळ नाही. तरी माणूस संध्याकाळी घरी जातोच. सवय असते.

जीप उभी होती. एकटीच.

मधल्या रांगेत खिडकीशी आतोबा बसले. पुढं जीपवाला तोंडावर टोपी घेऊन पडला होता.

"कधी भरणार हो?"

"ते माणसांवर आहे," टोपीच्या आतून आवाज आला. "गाडीचं काही म्हणणं नाही."

आतोबा थांबले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. समोरच्या दुकानाला कुलूप. डेअरीवालाही सायकल काढून निघून गेला.

आणि मग…

कर्र…

जीप मागून जराशी खाली बसली.

आतोबांनी मागं वळून पाहिलं. दोन्ही बाकं रिकामी.

"चार," जीपवाला म्हणाला. टोपी अजून तोंडावरच.

कर्र…

"सहा."

आता सांगायची गोष्ट अशी, की दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, जुनी गाडी आहे, कुरकुरते. आतोबांना तसं म्हणता येईना. चाकांवरचे लोखंडी पाटे कशानं दबतात, हे त्यांना ठाऊक होतं. पाटा वाऱ्यानं दबत नाही. भास झाला म्हणूनही दबत नाही. वजन पडलं की दबतो.

त्यांनी मनातल्या मनात हिशेब मांडला. मागं चार माणसं. एक जाडजूड, उरलेली बेताची.

"काका, जरा सरकून घ्या," जीपवाला म्हणाला. "माणूस अर्ध्यावर टेकलंय."

"कुठलं माणूस?"

"सरका तर खरं."

आतोबा सरकले. का सरकले, ते त्यांनाही सांगता येत नाही. बाकावर बसलेल्याला कुणी सरका म्हटलं की आपण सरकतो.

शेजारचं रेक्झिन हळूच खाली गेलं… फुस्स करून हवा निघाली… आणि ते दबलेलंच राहिलं.

त्यांनी हात नेऊन पाहिला. हाताला काही लागलं नाही. गार हवा फक्त. पण रेक्झिनवरचा खळगा तसाच. पाठोपाठ आणखी पाचदा कर्र झालं.

"बारा," जीपवाला उठून बसला. "भरली."

गाडी सुटली.

आतोबा सांगतात, भीती वाटली. पण ओरडायचं कुणाकडं बघून? मधे कुणी दिसत नव्हतं, आणि तरी उतरायला वाट नव्हती. गुडघ्याला गुडघा लागत होता. मागून कुणाची तरी पिशवी पाठीत रुतत होती. भरलेल्या गाडीत होतं ते सगळं होत होतं. फक्त कुणी बोलत नव्हतं. कुणी खोकत नव्हतं. बारा माणसांच्या गाडीत दोघांचाच श्वास ऐकू येत होता.

एक वळण आलं.

आणि आतोबांच्या डाव्या खांद्यावर… काहीतरी येऊन टेकलं.

अलगद. झोपेत मान कलते ना, तसं.

सव्वाचार किलो.

इथं मी त्यांना अडवलं. म्हटलं, "आतोबा, आत्या असेल."

"छे," ते म्हणाले. "तुझी आत्या कधी माझ्या खांद्यावर झोपली नाही. तिला गाडी लागायची. सगळा रस्ता खिडकीबाहेर तोंड काढून मला शिव्या देत यायची. हे कुणीतरी परकं होतं. दमलेलं होतं."

खांदा हलवावा, असं त्यांच्या मनात आलं. पण हलवला नाही. गाडी खड्ड्यातून गेली तेव्हा उलट त्यांनीच खांदा थोडा वर धरला. दोन वर्षांत त्यांच्या अंगाला माणसाचा स्पर्श असा झाला नव्हता. न्हावी तेवढा महिन्यातून एकदा कानाला धरायचा.

मग त्यांची भीती गेली. ते म्हणतात, तीच गोष्ट वाईट झाली.

फाटा आला. बस उभी होती, इंजिन चालू.

"काका, उतरा."

आतोबा बसूनच राहिले.

"साडेपाचची तीच ना तुमची? उतरा."

"झोपलंय हो कुणीतरी," आतोबा हळू आवाजात म्हणाले. "थोडं पुढं सोडलंत तरी चालेल."

जीपवाल्यानं तेव्हा पहिल्यांदा मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं. चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

"झोपलंय तोवर उतरा."

"आणि जागं झालं तर?"

"तर कुठं निघालात म्हणून विचारेल. आणि तुम्ही सांगाल. तुमच्यासारखी माणसं सांगतात." तो पुढं बघायला लागला. "पुढं मी परतीचं भाडं घेत नाही, काका."

आतोबांनी गळ्यातला मफलर काढला. एका हातानं घडी घातली. खांदा हळूहळू काढून घेतला आणि त्या जागी ती घडी ठेवली.

घडी दबली…

ते उतरले. आणि उतरताना, सवयीनं, त्यांनी चाकाकडं पाहिलं.

सत्तर किलोचा माणूस खाली उतरला होता.

पाटे तसूभरही वर आले नाहीत.

जीप गेली. बसवाला हॉर्न देत राहिला. कंडक्टरनं दंडाला धरून आत ओढलं, म्हणून आतोबा घरी पोचले.

हे त्यांनी मला गेल्या महिन्यात सांगितलं, त्यांच्याच स्वयंपाकघरात. मी त्यांच्या डाव्या हाताला बसलो होतो. ऐकता ऐकता उठलो आणि समोरच्या स्टुलावर जाऊन बसलो. पाणी प्यायचं निमित्त केलं.

"आता तिकडचं काम घेऊ नका," मी म्हटलं.

"काम कुठलं? काटा उत्तम चाललाय." त्यांनी कपातला चहा हलवला. "मी असाच जातो. दर बुधवारी. चारला जाऊन बसतो. दुसऱ्या जीपा येतात, माणसं येतात, कलकलाट असतो. मी त्या सोडून देतो, बस चुकायला आली की शेवटची तेवढी पकडतो. ती काही आली नाही अजून."

"आली तर? आतोबा, ते जागं झालं तर?"

"तर विचारेल की, कुठं निघालात." आतोबा माझ्याकडं बघत नव्हते. "दोन वर्षांत मला कुणी विचारलेलं नाही रे."

मी त्यांचा भाचा. पलीकडच्या गल्लीत राहतो. चालत चार मिनिटं.

मी पाण्याचा पेला खाली ठेवला. म्हटलं, "या बुधवारी मी येतो बरोबर."

ते हसले. "तुझी बायको दारात उभी असते. तू असलास तर ती गाडी थांबायची नाही."

तेव्हापासून दर बुधवारी साडेसातला मी त्यांच्या घरी जातो. कडी वाजवतो. आत दिवा नसतो… पावलं ऐकू येत नाहीत… मी उभा राहतो.

मग कडी निघते.

"कुठं गेला होतात?" मी विचारतो.

ते सांगतात.

काल सांगताना त्यांना जरा वेळ लागला. डावा खांदा त्यांनी थोडा वर धरला होता.