शेवटपर्यंत ऐकल्याबद्दल

रात्रीचे दोन वाजून एकेचाळीस मिनिटं. मिनिटाचीही चूक नाही, असं वासुदेवकाका म्हणतात, कारण वेळ बिंदुमाधवने स्वतः घड्याळात पाहिलेली.

परवा बत्ती गुल झाली तेव्हा गंगेकाठी दुर्गाघाटाच्या पायऱ्यांवर काकांनी हे पोरांना सांगितलं. शेजारची गीताही तिथेच होती, तान्ह्याला पदराखाली घेऊन.

बिंदुमाधव काकांच्याच बँकेत होता. गच्चीवरच्या खोलीत बसून रात्ररात्र रेडिओवर लांबची स्टेशनं पकडायचा. काय ऐकलं, किती वाजता, सगळं लिहून त्या स्टेशनला पत्र टाकायचं. बरोबर निघालं की तिकडून स्टेशनच्या नावाचं, आभाराचं कार्ड येतं. भिंतभर कार्डं होती त्याची.

"काका, क्रिकेटचा स्कोर सोडून हे कोण ऐकतं?" पोरांमधला विष्णु हसला.

"येडा होता, दुसरं काय! बायको म्हणायची, आधी रेडिओला दूध पाजा, मग मुलीला."

मुलगी नऊ दिवसांची. बारसं व्हायचं होतं. सन एक्क्याऐंशी, डिसेंबरची चौदा तारीख, हाडं गोठवणारी थंडी. खाली बाळंतिणीची खोली आतून बंद, फटींत चिंध्या कोंबलेल्या, बाजेखाली कोळशाची शेगडी. त्या दोन एकेचाळीसला प्रमोदिनीने जिन्याखालच्या त्या खोलीतून हाक दिली, "अहो, शेगडी तेवढी बाहेर ठेवा. डोकं जड झालंय."

"आलोच, दोन मिनिटं."

आणि त्याने हेडफोन पुन्हा कानाला लावला.

रेडिओचा काटा होता तिथे दोन स्टेशनांच्या मधली जागा. तिथे कधी काही नसायचं. त्या रात्री खरखरीतून पाळण्याची करकर आली. मग मूल रडलं. मग बाई खोकली आणि मराठीत म्हणाली, "उगी, उगी गं."

मराठी! इतक्या रात्री, या जागी! बिंदुमाधव हरखला. कुठली तरी श्रुतिका असणार. त्याने वही ओढली. दोन चव्वेचाळीस, पाळणा. दोन सेहेचाळीस, मूल रडते. दोन एकोणपन्नास, बाई खोकते.

आवाज ओळखीचा वाटला. पण खरखर फार होती.

दोन बावन्न. बाई म्हणाली, "अहो... शेगडी..."

त्याचा हात हेडफोनवर गेला.

पण तीनला आठच मिनिटं होती. तीनच्या ठोक्याला प्रत्येक स्टेशन आपलं नाव सांगतं. नाव कळल्याशिवाय पत्र कुणाला टाकणार? असं स्टेशन जन्मात पुन्हा लागलं नसतं.

हात खाली आला.

काका इथे थांबले.

"मग?" विष्णुने विचारलं.

"मग रडणं बारीक झालं."

दोन पंचावन्न. बाई गप्प.

दोन सत्तावन्न. रडणं थांबलं.

पाळणा... तेवढा करकरत होता.

तीन वाजले. नाव... आलं नाही. काहीच आलं नाही.

त्याने हेडफोन काढला. खालीही... काहीच नव्हतं.

दार मोडून आत गेला. प्रमोदिनी वाचली. पोर नाही.

वहीचं ते पान त्याने त्याच सकाळी गंगेत सोडलं. पत्र कुणाला टाकलं नव्हतं. वीसएक दिवसांनी काका भेटायला गेले, तर दाराच्या कडीत एक कार्ड खोचलेलं. ना तिकीट, ना शिक्का. पोस्टमन म्हणाला, "हम नाहीं लाए, पंडितजी." काकांनी स्वतः वाचलं. बिंदुमाधव म्हणाला, तारीख बरोबर, सगळ्या वेळा बरोबर. खाली लिहिलेलं: शेवटपर्यंत ऐकल्याबद्दल आभार.

आणि स्टेशनच्या नावाच्या जागी... शरदिनी.

प्रमोदिनीने पोरीसाठी मनात धरलेलं नाव. कुणालाही सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही.

"चलो भाई, घर जा," काका उठले. गीता त्यांच्याही आधी निघाली होती. घरी जाऊन तिने आधी खिडकी उघडली, मग शेगडी ओसरीवर नेऊन ठेवली.

तुमच्या ओळखीत कुणी रात्री असे दूरचे आवाज शोधत बसत असेल तर त्याला एवढं सांगा. त्या रिकाम्या जागी मूल रडताना ऐकू आलं, तर नावासाठी थांबू नकोस. आधी घरात जाऊन बघ. आणि त्याला म्हणावं, पुढे चार जणांना सांग.