दुकानासमोरची नदी

कोरड्या ठणठणीत रस्त्यावर एक तरुण पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, बूट हातात घेऊन चालला होता. सोबतच्या आजोबांचाही तोच अवतार. चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या तरुणीला हसू आवरेना.

"काही हरवलंय का?" तिने दारातून विचारलं.

"नदी ओलांडतोय," तो लाजत म्हणाला. "तुम्ही पाण्यातच उभ्या आहात... जपून हं!"

मग उलगडा झाला. आजोबांचं गाव दूर देशी राहिलं होतं, पुन्हा दिसण्यातलं नव्हतं. गावच्या गोष्टी चालता चालताच सांगायच्या, ही त्यांच्या घरची रीत. म्हणून आजोबांनी सगळं गाव या शहरात मांडलं होतं. टपालपेटी म्हणजे टेकडी, पेट्रोल पंप म्हणजे बोरांचं रान, आणि तिच्या दुकानासमोरचं बाक म्हणजे होडी. त्या बाकावर बसलं की गोष्ट पुढे सरकायची. आजोबा आताशा विसरत चालले होते, आणि नातवाला ती गोष्ट शेवटपर्यंत हवी होती.

रोज संध्याकाळी होडी तिच्या दारात लागू लागली. त्याच्या चष्म्याची दांडीही वरचेवर सैल होऊ लागली.

"स्क्रू तर घट्ट आहे," ती म्हणायची.

"मग माझ्या बघण्यातच दोष असेल," तो म्हणायचा, आणि बघायचा तिच्याकडेच.

एके दिवशी तिने घोळ घातला. होडीला जरा रूप यावं म्हणून हौसेने बाक आत ओढलं आणि हिरवा रंग दिला. आजोबा आले ते रिकाम्या जागेशी थबकले.

"पुढे... पुढे काय होतं रे?"

नातवाच्या तोंडचं पाणी पळालं.

"माझंच चुकलं," ती रडवेली झाली.

"नाही, माझं. आमची नदी आधी बँकेच्या कोपऱ्यावर होती. तिथला दगडी कट्टा कुणी हलवला नसता. मीच ती इकडे वळवली..." तो अडखळला. "तुमच्यासाठी."

ती आत धावली. दोघांनी ओलं बाक ओढत बाहेर आणलं, आणि कुणी अडवायच्या आत आजोबा त्यावर बसलेसुद्धा! तळहाताला लागलेला हिरवा रंग ते बघत राहिले. हळूहळू चेहरा उजळला.

"शेवाळ! होडी निसरडी होती. उतरताना माझा पाय घसरला, अन् काठावरच्या एका मुलीने हात दिला. तीच तुझी आजी. संपली गोष्ट." मग ते तिच्याकडे वळले. "पोरी, देवासारखी धावलीस."

नातवाने डोळे पुसले. "तुमचे उपकार कसे—"

"उपकार कसले?" ती म्हणाली. कुणी आपल्यासाठी नदी वळवेल, असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. "पण गोष्ट संपली... म्हणजे उद्यापासून तुम्ही येणार नाही?"

"अरे, बघतोस काय?" आजोबा खेकसले. "हात दे!"

त्याने हात पुढे केला, आणि घाईघाईने मागे घेतला. "रंग लागेल तुम्हाला."

"लागू दे," ती म्हणाली आणि तिने तो घट्ट धरला.