टेगनचा पासवर्ड

शाळेचं चिन्ह लून, तळ्यातला पाणपक्षी. भिंतीवर, स्वेटरवर, बसवर, बघणाऱ्याला त्याची चोच कायम उजवीकडे. रंगाऱ्याने बसच्या दोन्ही बाजूंना ती उजवीकडेच काढली, त्यामुळे एका बाजूने लून शेपटी पुढे करून पोहतो. गाव अजून हसतं.

*

गोठलेल्या तळ्यावर, मासे धरायच्या लाकडी खोपटात, फोनला रेंज नसते. बापलोक त्यासाठीच तिथे जातात.

*

सप्टेंबरमध्ये लॅपटॉप वाटले तेव्हा प्रत्येकाने सही केली: माझ्या लॉगिनवरून जे होईल त्याला मी जबाबदार. वाचलं कुणीच नाही.

*

फोटोत एक मुलगी रडते आहे. खाली ओळ: "ही जिन्याखाली एकटी जेवते. हिला कोणी बोलावलं नाही. बोलावणारही नाही."

त्याखाली हसून डोळ्यांत पाणी आलेले पिवळे चेहरे. खूप.

*

मंगळवारी सकाळी वेर्ना हॉगन शाळेच्या ग्रंथालयाचं कुलूप काढत होती, तेवढ्यात उपमुख्याध्यापक डेल क्विस्टचा फोन आला.

"वर ये. माकीची पोरगी बसलीय. तोंड उघडत नाही. तीन वाजता तिला शाळेच्या बोर्डापुढे उभी करायचीय."

वेर्ना ग्रंथपाल. शाळेचे लॅपटॉप तिच्या ताब्यात, आणि इंटरनेट जपून कसं वापरावं हा तासही तिचाच. 'टाकण्याआधी विचार करा' ही जिन्यातली पाटी तिनेच लावलेली. ती त्या पाटीखालून वर गेली. तिला काही वाटलं नाही. फोटो पाहिल्यापासून तिला कशाचंच काही वाटत नव्हतं. बर्फात हात बधिर होतात तसं.

टेगन माकी खुर्चीत कोट घालूनच बसली होती.

"फोटो एल्सी ओडगार्डचा," डेल म्हणाला. "शुक्रवारी निनावी खात्यावरून पडला. रविवारी दुपारी आपण ते खातं बंद करायला लावलं. एल्सी कालपासून शाळेत नाही. आणि खातं उघडलंय या बाईसाहेबांच्या शाळेच्या लॉगिनवरून."

"शुक्रवारी कुठे होतीस, टेगन?" वेर्नाने विचारलं.

"तळ्यावर. बाबांबरोबर. रविवारी संध्याकाळी परतलो."

"मग हिने नाही केलं, डेल."

"मग पासवर्ड कुणाला तरी दिला. नाव सांग, सुटशील म्हणालो. सांगत नाही. सही हिची आहे. हॉस्पिटलातला कोर्स जाणार हिचा."

तो कोर्स म्हणजे टेगनची पुढची सगळी वाट होती. नर्सिंगला जायला घरून दुसरा रस्ता नव्हता.

"डेल, कॉफी आण."

"माझ्या कॉफीला तू मोज्याचं पाणी म्हणतेस."

"तेच आण."

तो गेला. वेर्ना त्याच्या खुर्चीत नाही, टेगनच्या शेजारी बसली.

"एल्सी तुझी मैत्रीण ना?"

"हो."

"जेवायला एकत्र बसता?"

"नाताळनंतर नाही. दुपारी मी हॉस्पिटलात असते."

"तुझ्या स्ट्रीक आहेत का कुणाशी?"

टेगनने पहिल्यांदा मान वर केली. "तुम्हाला माहितीये हे?"

"म्हातारी आहे. मेले नाही अजून. रोज एकमेकांना एक फोटो. एक दिवस चुकला की साखळी तुटली. बरोबर?"

"चार-पाच जणांशी आहेत."

"तळ्यावर रेंज नाही. मग तुटल्या असतील."

"नाही," टेगन पटकन म्हणाली. मग तिने जीभ चावली.

"नाही तुटल्या. म्हणजे तुझ्या वतीने कुणीतरी फोटो पाठवत होतं."

"सगळेच देतात, मिस हॉगन. बाहेर जाताना पासवर्ड देऊन जातात. शेजाऱ्याला मांजर सांभाळायला देतात तसं."

"आणि शाळेच्या लॉगिनला तोच पासवर्ड?"

"सगळेच ठेवतात."

"कुणाला दिलास?"

टेगनने कोटाची चेन गळ्यापर्यंत ओढली. खिडकीच्या काचेवर बर्फ साचत होता.

"एकीलाच दिला होतास?"

टेगनने मान हलवली. होय.

"तिनेच तुझ्या मैत्रिणीला रडवलं, आणि तू तिला वाचवतेस?"

"माझंच नाव लिहा."

"हॉस्पिटल जाईल."

"जाऊ दे," टेगन म्हणाली. आवाजात राग नव्हता. काहीच नव्हतं.

*

ग्रंथालयात वेर्नाने तो फोटो पुन्हा उघडला. सुजलेले डोळे. मागे पांढरी भिंत. अंगात शाळेचा स्वेटर, छातीवर लून. ती बराच वेळ लूनकडे पाहत राहिली. तिला बस आठवली.

मग तिने हरवल्या-सापडल्याच्या खोक्यातला एक स्वेटर अंगावर चढवला, कपाटातला एक लॅपटॉप उघडला, समोर बसून स्वतःचा फोटो काढला. पाहिला. स्वेटर घडी करून परत ठेवला.

"डेल, गाडी काढ," ती फोनवर म्हणाली. "एल्सीच्या घरी जायचंय."

*

दार एल्सीच्या आईने उघडलं. वृद्धाश्रमातल्या नोकरीचा गणवेश अजून अंगावर होता.

"कोण पोरगी होती ती? मला फक्त नाव सांगा."

"आत बसून सांगते," वेर्ना म्हणाली.

एल्सी स्वयंपाकघरात टेबलाशी होती. पुढ्यातल्या मॅकरोनीवर साय धरली होती. मागे पांढरी भिंत.

"टेगनचा कोर्स आज तीन वाजता जाणार आहे, एल्सी," वेर्ना म्हणाली. "तिने काही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही."

एल्सीने काटा खाली ठेवला.

"टेगनने पासवर्ड एकीला दिला होता. मला वाटलं, त्या एकीला ती घाबरते. पण घाबरलेलं माणूस असं बसत नाही. ती कुणालातरी जपत होती. मैत्रिणीला रडवणारीला कोण जपेल? मग मी फोटोत लून पाहिला. त्याची चोच डावीकडे आहे."

"बसवरच्यासारखी?" डेलने विचारलं.

"बसवरही चोच उजवीकडेच असते. नीट बघत जा. दुसऱ्या कुणी समोरून फोटो काढला, तर स्वेटरवरचा लून जसा आहे तसाच येतो. आपल्या लॅपटॉपसमोर बसून स्वतःचा काढला, की आरशासारखा उलटा येतो. मी काढून पाहिला. हा फोटो रडणाऱ्या मुलीनेच काढलाय."

आईचा हात खुर्चीच्या पाठीवर थांबला.

"पण फोटो हिने काढला असेल आणि पळवला दुसऱ्या कुणी," डेल म्हणाला.

"मग ती ओळ पाहा. जिन्याखाली एकटी जेवते. मी रोज त्या जिन्यावरून जाते. मला माहीत नव्हतं. टेगनलाही नाही, ती दुपारी शाळेतच नसते. तिथे हिला पाहणारं कोणी असतं, तर ही एकटी नसती."

आई टेबलाकडे वळली.

"एल्सी?" आई म्हणाली.

"मी केलं," एल्सी म्हणाली. वेळ विचारल्यावर सांगावी तशी.

"स्वतःलाच? का गं?" आईने विचारलं.

"बघायचं होतं. कोणी म्हणतंय का, असं बोलू नका म्हणून."

"आणि?"

"हसले."

डेलने टोपी काढून हातात धरली. "पण टेगनच्या लॉगिनवरून का? ती बिचारी..."

"माझ्यावरून उघडलं असतं तर मीच आहे हे कळलं असतं." एल्सीने मॅकरोनी थोडी बाजूला सारली. "आणि दुसऱ्या कुणाचा पासवर्ड माझ्याकडे नाही. दुसऱ्या कुणी दिलाच नाही कधी."

आई खाली बसली. तिने एल्सीचं मनगट धरलं आणि सोडलं नाही. वेर्ना उठली, मॅकरोनीचं ताट उचललं, गरम करायला ठेवलं. करण्यासारखं तेवढंच दिसत होतं. डेल ओट्यापाशी जाऊन बोर्डाला फोन लावत होता. तीनची बैठक रद्द करा, म्हणत होता. नाही, माकीच्या मुलीचं काही नाही. शाळेच्या समुपदेशक बाईंना इकडे पाठवा. आज. आत्ताच.

"टेगनला राग आलाय?" एल्सीने विचारलं.

"तूच विचार तिला."

"आमची स्ट्रीक तुटली असेल. काल मी पाठवलाच नाही."

"तुटू दे," वेर्ना म्हणाली, आणि तिच्या बोटांना ताटाची ऊब लागली.

*

रविवारी संध्याकाळी, तळ्यावरून परतताना हायवेवर रेंज आली. कुणीतरी पुढे पाठवलेला तो फोटो टेगनने बापाच्या गाडीतच पाहिला आणि त्या खात्यावर उत्तर लिहिलं: "हिच्या वाटेला जाल तर माझ्याशी गाठ आहे." खातं दुपारीच बंद झालं होतं. ते गेलं नाही.