दुपारी एकचा फोन

"कौतिक आबा, पाणी प्यायलात का?"

"अर्धी बाटली प्यायलो. पण... मी आबा नाही."

आवाज तरुण होता. दिपमालानं मोबाईल कानापासून दूर धरून नाव पुन्हा पाहिलं. नंबर तर बरोबर होता!

"मी प्रेमराज. सोनगीरला मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. आबांच्या शेजाऱ्यानं फोन सकाळीच दुरुस्तीला टाकलाय."

धुळ्यातल्या दिव्यांगांच्या एका संस्थेचं काम दिपमाला करायची. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकला, की यादीतल्या बावीस जणांना रोज दुपारी एकला घरून फोन करून विचारपूस करायची. कौतिक आबांची अर्धी बाजू लुळी. घरावर पत्रे, घरात एकटे. आणि आज त्यांचा फोनच त्यांच्यापाशी नव्हता.

"दुकान बंद करा आणि आबांकडे जा. आत्ता!"

"असं हुकूम करून कोणी..."

"प्लीज."

तो गेला. दहा मिनिटांनी त्याचाच फोन आला, आवाज घाबरलेला. "अंग तापलंय. काहीतरी असंबद्ध बोलतायत."

"आधी एकशेआठला फोन करा, मग मला. कपडे सैल करा. मान, काखा ओल्या फडक्यानं पुसत राहा, वारा घाला. धड गिळता येत नसेल तर पाणी पाजू नका."

रुग्णवाहिका येईपर्यंत ती फोनवर होती. आबा वाचले. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून फोनवर म्हणाले, "पोऱ्या चांगला शे, पोरी."

दिपमाला उगाचच लाजली. का लाजली, ते तिला कळेना.

मग रोज दुपारी, तिची यादी संपली की प्रेमराजचा फोन यायचा.

"तेविसावा मी. मला विचारा ना."

"तुम्हाला काय धाड भरलीय? आणि प्रेमराज हे खरंच नाव आहे?"

"आजोबांनी ठेवलंय. माझा काही दोष नाही!"

ती हसायची, आणि फोन ठेवल्यावर स्वतःवरच चिडायची. हा खरंच आपल्याशी बोलतो, की वेळ घालवतो? आणि यादी संपत आली, की आपण घड्याळाकडे का बघतो?

एके दिवशी तो म्हणाला, "ऊन उतरलं की सोनगीरला या. किल्ला चढू. वरून सगळा मुलूख दिसतो..."

एक गोष्ट दिपमालानं त्याला अजून सांगितली नव्हती. सांगायचं राहून गेलं होतं, की तिनं मुद्दाम टाळलं होतं? तिला स्वतःलाच ठरवता येईना.

"मी व्हीलचेअरवर असते," ती एका दमात म्हणाली. "सहा वर्षांपूर्वी अपघात झाला. छातीखाली काही कळत नाही. घामही येत नाही, म्हणून उन्हात बाहेर पडता येत नाही. किल्ला तर..."

तो इतकंच म्हणाला, "मला... काय बोलावं कळत नाहीये."

फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. बरं झालं, असं ती मनाशी म्हणाली. तेवढ्यात आई दारातून ओरडली, "दिपा, कोण आलंय बघ!"

"मी प्रेमराज. पत्ता संस्थेतून घेतला." आवाज तोच होता. डोक्याला रुमाल, चेहरा लालबुंद. वीस-बावीस किलोमीटर भर दुपारी मोटारसायकलवर!

"अक्कल आहे का?" दिपमाला कडाडली. आईनं ताक दिलं. तो उभ्यानंच प्यायला. मग तिची व्हीलचेअर पाहून गोंधळला, खाटेवर बसावं की जमिनीवर, आणि शेवटी उंबऱ्यावरच टेकला.

"दया आली असेल तर ताक पिऊन परत जा."

"दया नाही आली. भीती वाटली. तुम्ही बावीस जणांना फोन करता. लाईट गेली, आई घरी नसली, तर तुम्हाला कोण करतं?"

खरंच, कोणी नाही.

"मला या सगळ्यातलं काही कळत नाही," तो रुमालाशी चाळा करत म्हणाला. "चुकेन. पण फोन मी करेन... रोज."

"उन्हाळ्यापुरता?"

"नाही."

"मग पावसाळ्यात काय विचारणार?"

तो खाली बघून हसला. "विचारेन की... जेवलीस का?"

'जेवलीस.' 'जेवलात' नव्हे. दिपमालाच्या मनात एकदम सगळी गडबड उडाली. रागवावं, हसावं, की आईकडे बघावं?

"नाही अजून," ती हळूच म्हणाली. "तू?"